आक्कानं मागितलेली ओवाळणी

मुक्ताचा फोन आला तेव्हा मी वाशीतल्या माझ्या दुकानात पंपाची एक जळालेली मोटार उघडून बसलो होतो. "मामा, आई गेली," एवढंच ती म्हणाली. रडू यायच्या आधी मला लाज वाटली... धडधाकट असल्याची लाज. दीड महिना होत आला, ती काही कमी झालेली नाही.

आक्का, माझी थोरली बहीण, मुरुमला शाळेत विज्ञान शिकवायची. पेशी विभागण्याआधी आपल्या डीएनएची नक्कल कशी करते, हा तिचा लाडका धडा. त्यासाठी ती पोरांना मैदानात काढायची. समोरासमोर दोन रांगा, हातात हात. मग हात सुटायचे, रांगा एकमेकींपासून दूर व्हायच्या आणि प्रत्येक रांग उरलेल्या पोरांतून नवे जोडीदार घ्यायची. कुणी कुणाचा हात धरायचा हे सदऱ्यावर लावलेल्या अक्षरावरून ठरलेलं. एका जोडरांगेच्या दोन व्हायच्या, प्रत्येकीत निम्मे जुने, निम्मे नवे. घाईत कुणी भलत्याचाच हात धरला की मागून फिरणारी आक्का त्याला कान धरून बाहेर काढायची. "पेशीत बी असा तपासणारा असतो. त्यो झोपला की संपलं!" म्हणायची.

आमच्या घराण्यात तो तपासणाराच अधू आहे, हे आतड्याचा कॅन्सर झाल्यावर तिला कळलं. आमची आई पोटाच्या दुखण्यानं गेली, तेही त्यातलंच असणार. आईचा तो दोष आम्हा प्रत्येकात उतरण्याची शक्यता निम्मी. आक्काच्या हट्टापायी मी तपासणीला रक्त दिलं. दिवाळीच्या तोंडावर रिपोर्ट आला. माझ्यात दोष नव्हता, म्हणजे माझ्या पोरांनाही आजीकडून येणारी ती भीती उरली नाही. बायकोनं देवापुढं साखर ठेवली. माझ्या वाटची मी पोरांच्या हातावर ठेवली.

भाऊबीजेला मुरुमला गेलो ते गप्प राहायचं ठरवूनच. केमोनं आक्काचे केस गेले होते आणि ती माझ्यासाठी आयुष्य मागत मला ओवाळत होती! मला वर बघवेना.

"रिपोर्ट आला न्हवं?" तिनं विचारलं. मी मान हलवली.

"चांगला आलाय. तोंडावरच दिसतंय की. आरं मग हास की, येड्या! एक तरी सुटला..." आणि ती खरंच हसली. माझ्यापेक्षा जास्त आनंद तिलाच झाला होता. मी ताटात साडी ठेवली, ती तिनं बाजूला सारली. "साडी नको मला. मुक्ताला तपासणीला तू ने. माझ्यानं तिथं बसवणार न्हाय."

हो म्हणालो. आणि ती गेल्यावर रोज एक निमित्त काढत राहिलो. कधी दुकान, कधी पाहुणे. मुक्ता तिची एकुलती एक, अजून कॉलेजात. तिच्या शेजारी हा सुटलेला मामा कुठल्या तोंडानं बसणार?

गेल्या आठवड्यात शेवटी गेलो. आक्कानं मला ओवाळताना ज्यावर बसवलं होतं, तोच पाट मुक्तानं मांडला. "बसा मामा, चहा घ्या, मग निघू." मी पाट सोडून शेजारी फरशीवर बसलो. तिनं कप खाली ठेवला.

"आई गेल्यापासून तुम्ही माझ्याकडं बघतच न्हाई," ती म्हणाली. "तुमच्यापुरता माझा रिपोर्ट वाईट आलाच की मग."

मी वर पाहिलं. तेच कपाळ, तीच हनुवटी, आक्का जशीच्या तशी. मान पुन्हा खाली जाऊ लागली. जाऊ दिली नाही. पाटावर सरकून बसलो आणि तिच्याकडं बघत चहा प्यालो.