लाखनीतून पहिला

माझ्या कपाटात पदकं आहेत, लांबलांबच्या शहरांतून जिंकून आणलेली. आमच्या लाखनीत त्यांची कोणी चौकशी करत नाही. इथे मला जो मान मिळतो तो मी हरलेल्या एका शर्यतीचा, आणि आता रिटायर झाल्यावर तो मी खुशाल घेतो.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्यानंतरच्या वर्षांतली गोष्ट. मी पगारी सायकलपटू होतो. सायकल चालवायचा पगार मिळतो हे गावाच्या गळी उतरत नव्हतं. "पोरगा पोस्टात लागला काय वो?" असं बाया आईला विचारायच्या आणि ती समजावून थकायची. अशात एक मोठी शर्यत आमच्या हायवेवरून नागपूरला जायचं ठरलं. आई मला पहिल्यांदाच शर्यतीत बघणार होती.

आमच्या धंद्यात शहाणा माणूस मागे राहतो. वारा पुढच्याच्या छातीवर जाऊ द्यायचा, आपण त्याच्या चाकामागे लपून दम राखायचा आणि शेवटी बाहेर पडायचं. मीही तसाच घोळक्यात दडून येत होतो. पाय असे चालत होते, की ही शर्यत माझीच याची मला खात्री होती.

लाखनीच्या अलीकडे पुलाजवळ शेजारचे काका उभे होते. मला बघून त्यांचा चेहराच पडला. "काहून मांगं राहिला बे? तुयी माय फाट्यावर उभी हाये, साऱ्या बायाईले घेऊन!"

झालं, डोकं फिरलं. प्रशिक्षकांची शिकवण चुलीत गेली. उठून पायडल हाणले, घोळका सोडला आणि एकटाच सगळ्यांच्या पुढे फाट्यावर पोचलो. धानाची कापणी टाकून आलेल्या बाया विळे उंचावून ओरडत होत्या. आई मात्र नुसती हसत उभी होती. तेवढा आनंद मला कुठल्या पदकाने दिला नाही.

भंडारा यायच्या आत घोळक्याने मला गाठलं. वैनगंगेच्या पुलावर पायांत जीव उरला नव्हता. नागपूरला पोचलो तेव्हा मंडप सोडत होते. "अक्कल गहाण टाकली होती का?" प्रशिक्षकांनी विचारलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

इकडे लाखनीत तोवर पेढे वाटून झाले होते. आजही चहाच्या टपरीवर कोणी नवा माणूस आला, की माझी ओळख "लाखनीतून पयला गेला तो" अशीच होते. आणि चहाचे पैसे मला देऊ देत नाहीत.

मागे एकदा आईला विचारलं, "मी घोळक्यातच राहिलो असतो तर?"

ती तांदूळ निवडत होती. "तं का होते? मी तुले पाठीवरूनबी ओळखतो," ती म्हणाली. "बायाईले मातर बोट दाखवून सांगा लागलं असतं."