सोनखताचा हुरडा

केशरकाकूंच्या हातचं काही खायचं तर आधी ऐकावं लागे. वेरूळ रस्त्यावरच्या त्यांच्या मळ्यात मी खोली भाड्याने घेतली आणि गावच्या शाळेत शिकवू लागले. त्याच थंडीत त्यांनी मला हुरड्याला बोलावलं. कणसं चोळून गरम दाणे ताटात घातले, कडेला गूळ ठेवला, पण ताट काही सोडेनात. "आधी आयका, मॅडम. ही ज्वारी सोनखतावरची हाय. पाच गावांच्या संडासाच्या टाक्यांतलं खत. आता खावा, नायतर ठिवा."

मी खाल्लं. इतका गोड हुरडा की पुन्हा मागितला. काकू माझ्याकडे बघतच राहिल्या.

का, ते पुढे कळलं. टाक्या उपसणारा टँकर पूर्वी गाळ ओढ्यात सोडून मोकळा होई. मग पाच गावांनी मिळून तो एका जागी वाळवायचा, त्याचं खत करायचं ठरवलं. ठरवायला सगळे पुढे होते, जागेचा विषय निघाला की प्रत्येकाला घरची कामं आठवत. शेवटी मळ्याचा कोपरा दिला तो काकूंनी. नवरा नाही, मूलबाळ नाही. वाफे बांधले गेले, गाळ वाळून, पाल्यापाचोळ्यात महिनोन्‌महिने कुजून काळंभोर खत निघू लागलं. वासही राहिला नाही. पण त्या खतावरचं खायला नको म्हणून भावकीही येईनाशी झाली. एकेकाळी म्हणे काकूंच्या हुरड्याला बसायला जागा पुरत नसे.

तरी दर थंडीत त्या सगळ्यांना निरोप धाडत. एकदा कन्नडहून नणंद आल्या. काकूंची नुसती धांदल. नणंदेने मूठ तोंडाशी नेली, तोच काकू म्हणाल्या, "आधी आयका, आक्का." ऐकून आक्कांनी दाणे ताटात परत टाकले. "गाडी चुकंल माझी," म्हणत त्या उठल्याच.

मला रागच आला. "काकू, सांगायची काय गरज होती?"

"न सांगता खाऊ घातलं, तर मंग ती माझ्याकडं आली कुठं?" आगटीतली राख उकरत काकू म्हणाल्या. "लई वाटतं मला, कुणी यावं. पर समदं ठावं असून यावं."

गेल्या वर्षी काकू गेल्या. मळा आता पुतण्याकडे आहे. त्याने रस्त्याला 'गावरान हुरडा' अशी पाटी लावलीय. शहरातून, पार औरंगपुऱ्यातून गाड्या येतात, बसायला जागा पुरत नाही. खत तेच आहे. सांगत कुणी नाही.

यंदा मीही गेले. ताट हातात आलं आणि मी उगाच थांबले. शेजारी शहरातल्या एक हसऱ्या, गप्पिष्ट बाई बसल्या होत्या. आमचं छान जमलं होतं. बऱ्याच दिवसांनी मला कुणीतरी बोलायला मिळालं होतं. त्यांनी मूठ भरली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आधी ऐका हं."

त्यांनी ऐकलं, ताट खाली ठेवलं आणि दुसरीकडे जाऊन बसल्या. मी एकटीच हुरडा खात राहिले. काकू इतकी वर्षं कशा बसल्या असतील, ते तेव्हा कळलं.