कुंकवाचं स्वस्तिक
खंडेनवमीला झेंडूच्या वासात मशीन ऑइलचा वास मिसळला की मला बाबांचं लेथ मशीन आठवतं. चाकणला ते ज्या कंपनीत हे मशीन चालवायचे, ती बंद पडली आणि काही महिन्यांनी ऑनलाइन लिलावाच्या एका साइटवर त्यांना ते दिसलं. फोटोत मशीनवर कुंकवाचं स्वस्तिक होतं, दर खंडेनवमीला बाबा स्वतः काढायचे तेच, उजवीकडे जरा कललेलं. "पैसे भरायच्या आधी एकदा बघून तरी या," आई म्हणाली. "अगं, आपल्याच मशीनला काय बघायचं?" बाबा हसले. शेवटची बोली त्यांचीच ठरली, पैसे भरले. निघोज्यात भाड्याच्या शेडमध्ये त्यांनी मशीनसाठी सिमेंटचा चौथरा बांधला, नारळ आणून ठेवला. टेम्पो आलाच नाही. फोन बंद, साइट गायब. कंपनीतल्या पूजेचा जुना फोटो कुणीतरी उचलून साइटवर टाकला होता, हे पोलीस चौकीत कळलं. "मग आपलं मशीन खरं कुठं असेल गं?" परतताना बाबांनी मला एवढंच विचारलं. आता बाबा नाहीत. आज सकाळी त्या रिकाम्या चौथऱ्यावर आईने झेंडूची माळ ठेवली आणि कुंकवाचं स्वस्तिक काढलं, उजवीकडे जरा कललेलं.