गजअप्पांची मरळ

गजअप्पांना कोणी नमस्कार केला की त्यांचा हात आधी काखेतला गज सावरी आणि मग कपाळाकडे जाई. कापड मोजायचा तो लोखंडी गज दुकानात गादीवर असे आणि दुकानाबाहेर त्यांच्या काखेत. कुणाकडे नवी बैलगाडी आली की ते तिचा साटा मोजत, कुणाच्या घराला चौकट बसत असली की थांबून चौकट मोजत. थोरल्या लेकीसाठी आलेलं बिदरकडचं चांगलं स्थळ त्यांनी मोडलं, कारण वराच्या घरी जाऊन त्यांनी स्वयंपाकघर मोजलं आणि ते अडीच गज निघालं. "चार जावा तितं वळतील कशा?" एवढंच ते म्हणाले. वराचा बाप अजून जेवणाचं विचारत होता, तोवर अप्पा गाडीत बसले होते. औरादमध्ये त्यांचं खरं नाव बहुधा फक्त टपालवाल्याला माहीत होतं.

हैदराबाद संस्थानाच्या काळात मी उदगीरहून तिथल्या सरकारी शाळेत मास्तर म्हणून आलो आणि त्यांच्या दुकानावरच्या माडीत राहू लागलो. माझी नेमणूक कच्ची होती. दरवर्षी नवा हुकूम यायचा, आणि तो येईपर्यंत मी तहसील कचेरीतल्या शिपायालाही वाकून नमस्कार करायचो.

अप्पा पक्के लिंगायत. गळ्यात लिंग, कपाळावर विभूती, सोमवारी मठ चुकायचा नाही. वशाटाचं नाव काढलं तरी त्यांच्या बायको, ज्यांना सगळं गाव अक्का म्हणे, चूळ भरायला उठत. अशा घरात मासा आला तो एका फेरीवाल्यामुळे. जत्रेत हा माणूस काचेच्या बाटलीत चार लालभडक पिल्लं घेऊन बसला होता आणि ती चीन देशातून आली आहेत असं शपथेवर सांगत होता. काचेतली लाल रंगाची ती हालचाल अप्पांना रेशमासारखी दिसली असावी. त्यांनी बाटली घेतली आणि पिल्लं लोणच्याच्या बरणीत सोडली. पंधरा दिवसांत चाराची तीन झाली, मग दोन, मग एक. मेलेली पिल्लं सापडेनात. राहिलेलं एक मात्र चांगलं गुटगुटीत झालं आणि त्याचा लाल रंग उतरून ते काळपट पडू लागलं.

"चीनचा रंग कच्चा दिसायलाय," अप्पा मला म्हणाले. कापडवाल्याला दुसरं काय सुचणार?

खरं काय ते सायम्मानं सांगितलं. ती भोयाची बाई, मांजरा नदीवरून मासे आणून बाजारात विकायची. लुगडं घ्यायला आली आणि बरणीसमोर उभी राहून हसू लागली.

"अप्पा, ही मरळ हाय. भावंडं तिनंच खाल्ली. आमी हिला कालवणात घालतो."

अक्का आतून म्हणाल्या, "झालं. आता देऊन टाका तिला."

अप्पांनी विचारलं, "किती मोठी होती ही?"

सायम्मानं हात लांब करून बोटांपासून खांद्यापर्यंत दाखवलं. अप्पांनी तिच्या हाताशेजारी गज धरून अंतर नीट पाहिलं. मग बरणीकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरणी बदलाय पायजे."

मला हसू आलं. ते माझ्याकडे वळले. "मास्तर, कामून हसायलाव? लेकरू वाढाय लागलं की सदरा नवा शिवतो का लेकराचे हात तोडतो?"

त्यानंतरची दोन वर्षं त्या घरानं मरळीच्या मापानं काढली. आधी घासलेटच्या डब्यांचे पत्रे जोडून टाकी झाली. मग हैदराबादहून काच मागवून पेटी केली. ती मरळीनं पहिल्याच महिन्यात शेपटी मारून तडकवली. अप्पा तासन्‌तास खडू घेऊन पेटीसमोर बसत. मासा वळायला लागला की काचेवर रेघ ओढत. शेवटी त्यांचा नियम ठरला: वळताना तिची शेपटी कुठंही लागता कामा नये, आणि सरळ पोहताना निदान तिची पाच-सहा अंगं मावतील एवढी जागा पाहिजे. "एवढी जागा देता येत न्हाई त्यानं मासा पाळू नये, चित्र लावावं," ते म्हणत. हा नियम दुकानाला लावून पाहिला तेव्हा दोन खणांचं दुकान एक खणाचं झालं. दुसऱ्या खणात दगडी हौद बांधला. समोर जाड काच, तळाला नदीची वाळू आणि दडायला एक फुटका रांजण.

हौदावर तारेची जाळीही आली, पण ती मरळीनं शिकवल्यावर. मरळ उडी मारते हे अप्पांना माहीत नव्हतं. एका सकाळी हौद रिकामा दिसला. आम्ही सगळीकडे शोधत होतो आणि एक पाटील लग्नाच्या धोतरजोड्या बघत बसले होते. त्यांनी गठ्ठ्यात हात घातला आणि तसाच ठेवून म्हणाले, "अप्पा, ही जोडी ओली हाय. आणि श्वास घ्यायलीय." मरळ जिवंत होती. हा मासा बाहेरची हवा घेतो, ओलाव्यात बराच वेळ तगतो. पाटलांनी खरेदी मात्र त्या दिवशी केली नाही.

खाण्याचा प्रश्न अधिक बिकट होता. अप्पांनी तिला ज्वारीच्या पिठाच्या गोळ्या घालून पाहिल्या, भिजवलेली डाळ घालून पाहिली. मरळ रांजणात जाऊन बसली. चौथ्या दिवशी त्यांनी सायम्माला बोलावलं, आणि तेव्हापासून ती रोज गाडग्यात बारके मासे, कधी बेडकं आणू लागली. ती गाडगं ओतायची तेव्हा अप्पा रस्त्याकडे तोंड करून उभे राहत. गावात व्हायची ती चर्चा झालीच. मठातल्या स्वामींनी सगळ्यांदेखत विचारलं, तेव्हा अप्पा हात जोडून म्हणाले, "बुद्धी, स्वामी, मी खात न्हाई. ती खाती. तिच्या गळ्यात लिंग न्हाई." स्वामींनी त्यांना प्रसाद दिला.

संध्याकाळी शाळेतून आलो की मी हौदासमोर बाकावर अप्पांच्या शेजारी बसत असे. काचेमागून ती काळी, ठिपक्यांची, पाऊण गज लांब मरळ सावकाश जायची आणि यायची. आम्ही फारसं बोलत नसू.

महायुद्धाच्या दिवसांत कापडावर कंट्रोल आला. कापड विकायला परवाना, आणि परवाना तहसीलदाराच्या हातात. त्याच सुमारास हैदराबादहून नवे तहसीलदार आले. हौशी माणूस होता. बंगल्याच्या दिवाणखान्यात ठेवायला त्यांनी पितळी कोपऱ्यांची, नक्षीदार काचपेटी आणली होती. तीत घालायला मात्र काही नव्हतं. जिल्ह्याचे बडे साहेब दौऱ्यावर यायचे होते. त्यांना दाखवायला मरळ हवी, असा निरोप आला.

अप्पा गज घेऊन बंगल्यावर गेले. शाळेच्या कागदांवर सही घ्यायला मीही तिथंच होतो. त्यांनी पेटी लांबीला मोजली, रुंदीला मोजली आणि म्हणाले, "हुजूर, इसमें मच्छी फिरेगी नै."

तहसीलदार हसले. "मच्छी को फिरने का क्या काम है जी? उनो देखने की चीज है."

"तो फिर मरी हुई रखो हुजूर," अप्पा शांतपणे म्हणाले. "दिखने को वैसीच रहती."

अप्पा गज काखेत घालून निघून आले. रस्त्यात मी त्यांना समजावलं. परवान्याची आठवण दिली, एका माशापायी एवढं कशाला म्हणालो. ते चालता चालता म्हणाले, "मास्तर, मी तिला बरणीतून काडलो. परत बरणीत घालू म्हनता?"

आठ दिवसांनी तहसीलदार शाळेच्या तपासणीला आले. हजेरीचा पट चाळता चाळता त्यांनी सहज विचारलं, "आपके अप्पा घर पे कब नै रहते?" माझ्या नेमणुकीचा कागद त्यांच्या टेबलावर पडून होता. मी म्हणालो, सोमवारी सकाळी ते मठात असतात. साहेबांनी कशासाठी विचारलं ते मला कळलं नाही, असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. मला चांगलं कळलं होतं.

सोमवारी तीन शिपाई मोठी बादली घेऊन आले. अक्का लाटणं घेऊन हौदासमोर उभ्या राहिल्या. ज्या माशाला त्यांनी पाच वर्षांत एकदाही नीट पाहिलं नव्हतं, त्याच्यासाठी त्यांनी एका शिपायाचं मनगट सुजवलं. पण तिघांपुढं त्यांचं काय चालणार? मी त्या वेळी वर्गात मुलांना दख्खनच्या नद्या शिकवत होतो.

अप्पांनी आरडाओरडा केला नाही. ते बंगल्याच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. तीन दिवस रोज सकाळी जायचे, संध्याकाळी यायचे. शिपायाजवळ एकच निरोप द्यायचे: पेटीवर जाळी घाला. जाळीनं नक्षी झाकली जाते म्हणून ती कुणी घातली नाही.

बडे साहेब आले त्या दुपारी मी स्वागताचं गाणं म्हणायला मुलं घेऊन गेलो होतो. दिवाणखान्याची दारं बागेकडे उघडी होती. पेटीत मरळ वळता येत नसल्यानं ताठ राहिली होती. नाक एका काचेला, शेपटी दुसरीला. चहाचे पेले आले, तहसीलदारांनी पेटीकडे हात केला, आणि मरळ उसळून गालिच्यावर पडली. पेले लवंडले. बड्या साहेबांनी पाय खुर्चीवर घेतले. कारकून भिंतीला चिकटले. आमचं गाणं दुसऱ्या कडव्यात थांबलं.

फाटकातून अप्पा आले. घाई नाही, काही नाही. त्यांनी खांद्यावरचं उपरणं पेटीतल्या पाण्यात बुडवलं, मरळीला त्यात गुंडाळलं आणि तान्ह्या लेकरासारखं उचललं.

"अप्पा, नीचे रखो," तहसीलदार म्हणाले.

अप्पा बड्या साहेबांकडे वळले. "हुजूर, पेटी पौन गज. मच्छी भी पौन गज. अब आपिच बोलो."

बडे साहेब पाय खाली घ्यायचे विसरून खूप वेळ हसले आणि म्हणाले, "ले जाओ बाबा, ले जाओ." अप्पा आमच्या रांगेपुढून गेले. माझ्याजवळ क्षणभर थांबले, उपरण्याची घडी नीट केली, आणि गेले.

मरळ वाचली. पुढच्या महिन्यात अप्पांचा परवाना रद्द झाला आणि त्याच आठवड्यात माझी नेमणूक पक्की झाली. माशामुळे कायम झालेला संस्थानात मी बहुधा एकटाच मास्तर असेन. अप्पांच्या दुकानात आता कापडाचा एकही तागा नव्हता, पण पाटी तशीच होती. अप्पा वेळेवर गादीवर बसत, वेळेवर उठत. घर शेतावर चाललं. संध्याकाळी मी बाकावर बसायला जरा कचरायचो. ते सरकून जागा करून द्यायचे.

मग देश स्वतंत्र झाला, संस्थान अडून बसलं, आणि गावं रिकामी होऊ लागली ते वर्ष आलं. कोण कुठल्या गावावर चालून आलं याच्या बातम्या रोज येत आणि रोज एखाद्या घराला कुलूप दिसे. अप्पांच्या जावयाचा संस्थानाबाहेरच्या सोलापूरहून निरोप आला की निघून या. अक्कांनी बोचकी बांधली. अप्पांनी शेतावरून गुळाची काहील मागवली, गाडीत ठेवून पाण्यानं भरली, मरळ तीत सोडली आणि वर ओली पोती टाकली. आम्ही तिघं, अप्पा, सायम्मा आणि मी, दिवस उगवताना मांजरेच्या डोहावर पोचलो.

अप्पा गुडघाभर पाण्यात उतरले आणि उपरण्यातून तिला खाली सोडलं. ती थोडा वेळ त्यांच्या पायांशीच थांबली. हौदात वळायची तितकीच एकदा वळली, पुन्हा वळली. मग काच लागत नाही हे तिला कळलं असावं. ती गेली.

सायम्मा म्हणाली, "आमच्या मानसास्नी सांगून ठिवते अप्पा, जाळ्यात आली तर सोडा म्हनून."

"नगं सांगू," अप्पा म्हणाले. "तितं तुमची पोटं हायत."

सायम्मा गाडीच्या बैलांकडे गेली. अप्पा काठावर बसून पाय पुसत होते. डोहाकडे बघत म्हणाले, "मास्तर, सोमवारचं तुमीच सांगितलाव सायबाला. ठावं हाय मला."

मी विचारलं, "कधीपासून?"

"त्याच दिशी. शिपाई बोलला."

"मग मला काहीच का बोलला नाहीत?"

त्यांनी पायाचं दुसरं बोट पुसलं. "बोललो असतो तर तुमी माडी सोडून गेला असताव. मग सांजच्याला माझ्यासंगट बाकावर बसाय कोन हुतं? गावात दुसरं कोन बसत हुतं?"

परतीच्या वाटेवर ते मला सोलापूरच्या गिरण्यांबद्दल विचारत राहिले. तिथं कापड कसं निघतं, नवी जागा मिळेल का. मी माहीत होतं ते सांगत राहिलो. दोन दिवसांनी ते गेले. गाडी हलली तेव्हा मी चाकाजवळ उभा होतो. माफीचा शब्द ओठांवर होता, पण अक्का बोचकी मोजत होत्या, आणि मी त्यांना एक राहिलेलं बोचकं उचलून दिलं.