एकाच दारात तीन गाड्या

महापालिकेत काय करता असं कुणी विचारलं की मी सांगते, समन्वय. पुढचा प्रश्न ठरलेला, म्हणजे काय? म्हणजे असं, की शहरातल्या मुलांसाठी आणि तरुण पोरापोरींसाठी शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पोलीस असे सगळेच काहीतरी करत असतात आणि कुणी कुणाला सांगत नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या. मी त्यांना महिन्यातून एकदा एका टेबलाशी बसवते, चहा पाजते आणि भांडू देते. माळशिरसला माझे वडील याला मधल्यामधी बोलणी खायची नोकरी म्हणतात. खोटं नाही.

एका बैठकीत पूर्व भागातल्या एका नववीच्या मुलीचा विषय निघाला. शाळेत येणं बंद झालं होतं. वडील वारलेले, आई टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला, धाकटा भाऊ तीन वर्षांचा. अंगणवाडी दुपारी सुटायची आणि हिची शाळा दुपारी भरायची. भावाकडं बघायला दुसरं कुणी नाही, म्हणून ही घरी. गुंता एवढाच. सकाळच्या वर्गात घेतलं की सुटला.

पण बैठकीआधीच शाळेच्या बाई तिच्या घरी जाऊन आल्या होत्या, दवाखान्याच्या ताई जाऊन आल्या होत्या, मग मी गेले. प्रत्येकीनं तेच विचारलं, नवरा कशानं गेला? मी विचारलं तेव्हा तिची आई म्हणाली, "तुमी आपसांत बोलत न्हाय का? मेलेला माणूस किती येळा मारायचा मी?"

हे मी बैठकीत जसंच्या तसं सांगितलं. बैठकीला वरच्या खुर्चीत आमच्या खात्याचे साहेब असतात, त्यांना खरोखर वाईट वाटलं. माणूस चांगला, उत्साह मात्र उतू जाणारा. म्हणाले, "मग सगळे मिळून एकदाच जाऊ. एकच भेट, एकत्र." सगळ्यांनी माना डोलावल्या. ऐकायला शहाणपणाचंच होतं.

शनिवारी सकाळी त्या गल्लीत तीन गाड्या शिरल्या. तिसरी पोलिसांची. आतल्या मॅडम मुलांचंच काम बघणाऱ्या, साध्या कपड्यात आलेल्या, पण जीप ती जीपच. यंत्रमागावरची माणसं हातातलं काम सोडून बाहेर आली. दोन पोरांनी मोबाईल वर धरले. आणि घराला कुलूप. गाड्या कोपऱ्यावर अडकल्या तेवढ्यात आई दोन्ही पोरांना घेऊन मागच्या बोळातून निघून गेली होती. शेजारीण माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "पोरीनं काय केलं हो?"

माझं डोकंच फिरलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दोन दिवसांनी शाळेत मुलीच्या मामाचा फोन आला. दाखला द्या, पोरगी आता माझ्याकडं, वैरागलाच राहील. त्या आठवड्यात मी एसटीनं वैरागला गेले, एकटी, पिशवीत डझनभर केळी घेऊन. मामा शेतात होता. आई ओसरीवर बसली होती, मुलगी ज्वारी निवडत होती. आई म्हणाली, "रविवारी पाव्हणं येणारायत तिला बघायला."

"पंधरा वर्षांची आहे ती. हे लग्न लावलं तर गुन्हा होतो, माहीत आहे ना?"

"माहीत हाय की. पर दाराला पोलिसाची गाडी लागली ताई. गल्ली म्हणती पोरगी कुनासंगं पळाली, धरून आनली. तितं काय तोंड दावू?"

तेवढ्यात मुलीनं सुपावरून मान वर केली.

"सकाळच्या वर्गात बसवतील का?"

"बसवतील. मी विचारून आलेय."

तिनं आईकडं पाहिलं. आई माझ्याकडं बघून म्हणाली, "गाड्या तुमी आनल्या. गल्लीला बी तुमीच सांगा. आमी येतो, पर नळाच्या दिवशी या. एकट्या."

आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. येतं त्या दिवशी गल्ली सोडून कुणी हलत नाही, आणि नळावर बोललेलं घागरीबरोबर घरोघर जातं. बाईनं बरोबर जागा निवडली होती. पाणी आलं त्या दिवशी पदर खोचून मी तिचा पिंप भरायला उभी राहिले आणि मोठ्यानं सांगितलं, "त्या गाड्या आमच्या होत्या. पोरीनं काही केलेलं नाही. तिला सकाळच्या शाळेत घालायचं होतं, तेवढ्यासाठी आम्ही वरात काढली."

"सरकारला वरातीबिगर जमतंय व्हय," एक म्हातारी म्हणाली, आणि बायका हसल्या. आई हसली नाही. पण रविवारचे पाहुणे नको म्हणून भावाला फोन तिनं तिथंच, सगळ्यांसमोर केला. मला रडू आलं, तोंडावर पाणी मारून घेतलं.

पुढच्या बैठकीत साहेब खूश होते. "त्या मुलीचा सत्कार करू. शाल, श्रीफळ, फोटो. घरीच जाऊ सकाळी, सगळे एकत्र."

मी म्हटलं, "सकाळी घराला कुलूप असतं, साहेब."

"पुन्हा? आता कुठं गेली ती?"

"शाळेत."