पौषातलं वाळवण

मी नागपूर सोडलं त्या दिवशी आई विमानतळावर आली नाही, कारण गहू तिसऱ्या दिवसावर आले होते.

ज्यांनी कधी कुरडया घातल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, कापडातून पिळून त्यांचा चीक काढायचा. चौथ्या दिवशी सकाळी तो शिजवायचा आणि गरम आहे तोवर सोऱ्यातून गच्चीवरच्या कापडावर घालायचा. एक दिवस उशीर केला की चीक आंबतो. मुलगी ऑस्ट्रेलियाला निघालेली असो की आणखी कुठे, गहू थांबत नाहीत. आईनं दारातच मला कुंकू लावलं. तिचे हात ओले होते, त्यामुळे कुंकू नाकापर्यंत ओघळलं. "पोचली का फोन कर वं," एवढं म्हणून ती आत गेली. बाबा डिकीत शेवटची बॅग कोंबत होते, तोवर आतून मिक्सरचा आवाज सुरूही झाला.

मला राग आला होता. तो मेलबर्नपर्यंत पुरला.

हे लिहिते आहे ते तिकडे राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांसाठीही. दोघांचीही एकच खोड असते. फोनवर आपण एकमेकांना "काय चाललंय" असं विचारतो आणि उत्तरात कामांची यादी आली की निर्धास्त होतो.

आमचं घर नागपूरच्या कडेला, वाडीला, अमरावती रोडवरून आत शिरल्यावर लागणाऱ्या एका ले-आउटमध्ये, म्हणजे वसाहतीत. रस्त्यावर ट्रकांची रांग, मागे गोदामं आणि त्यामागे आम्ही. ट्रकांची धूळ बसू नये म्हणून वाळवणावर जुन्या साड्या पसरायच्या. मार्च संपता संपता सगळ्या गच्च्या अशा साड्यांनी भरायच्या. यात एक पद्धत होती. ले-आउटमधल्या बायका पाळी लावायच्या. आज आमच्याकडे, उद्या शेजारच्या नंदाकाकूंकडे, परवा आणखी कोणाकडे. चीक शिजताना इतका घट्ट होतो की एकीनं पातेलं धरायचं आणि दुसरीनं दोन्ही हातांनी घाटायचं, एकटीचं ते काम नाही. मी लहानपणी गरम चिकाच्या आशेनं तिथे बसायचे आणि नको ते सगळं ऐकायचे. कोणाची मासिक पाळी जाताना काय त्रास झाला, कोणाचा नवरा महिनाभर बोलला नाही, कोणाला पहाटे उगीचच रडू येतं. बोलता बोलता हात चालायचे, किंवा हात चालायचे म्हणून बोलता यायचं. वर्षभराचं बोलणं त्या पंधरा दिवसांत उरकायचं.

एरवी आई बोलणारी नव्हे. तिचं माझ्यासाठीचं एकच वाक्य होतं, मी पुस्तक मिटून खिडकीपाशी बसले की यायचं ते. "हातावर हात ठेवून काय बसली वं?" आमच्या घरात रिकामं बसणं हा एक आजार होता आणि काम हे त्यावरचं औषध. बाबा एका सरकारी कार्यालयात कारकून होते. निवृत्त झाल्यावर पहिल्या आठवड्यातच आईनं त्यांच्या हातात लसूण सोलायला दिला.

मेलबर्नमध्ये मी नोकरीला लागले, इथल्याच एका मराठी मुलाशी लग्न केलं, आणि दर वर्षी नागपूरहून येताना कुरडयांचा डबा आणत राहिले. इथल्या विमानतळावर खाण्याची प्रत्येक वस्तू एका कार्डावर लिहून द्यावी लागते. अधिकारी पिशवी उघडून विचारतो, हे काय? मी म्हणते, गहू. तो एका कुरडईची जाळी उजेडात धरून बघतो आणि मला जाऊ देतो. दिवाळीला तळल्या की त्या चौपट फुलतात. नवरा म्हणायचा, तुझी आई पाठवते थोडं आणि दिसतं फार.

मग ते वर्ष आलं. मला जुलैत मूल होणार होतं आणि आईचं जूनचं तिकीट काढलेलं होतं. जन्मात पहिल्यांदा ती विमानात बसणार होती. तिची बॅग फेब्रुवारीतच भरून झाली. डिंक, बाळंतशेपा, स्वतःच्या सुती साड्यांची शिवलेली दुपटी. कुरडया तेवढ्या राहिल्या होत्या, त्यांना उन्हाळा लागतो. मार्चअखेर करोनामुळे सगळं बंद झालं. विमानंही आणि वाळवणाच्या पाळ्याही.

एप्रिलमध्ये मी व्हिडिओ कॉल केला तर आई गच्चीवर होती. बाबा पातेलं धरून बसले होते आणि ती घाटत होती. "अहो, घट्ट धरा नं," ती ओरडली आणि मी खूप हसले. फोन ठेवून नवऱ्याला म्हटलं, आई एकदम मजेत आहे, वाळवणात बिझी आहे.

मुलगी झाली तेव्हा मेलबर्नमध्ये कडक थंडी होती आणि त्याहून कडक नियम होते. घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, कोणी घरी यायचं नाही. नवरा गॅरेजमध्ये टेबल टाकून नोकरी करायचा. मी स्वयंपाकघरातल्या सामानाच्या कपाटात शिरून, दार ओढून घेऊन रडायचे. आत तांदळाचा आणि जिऱ्याचा वास यायचा. इथे बाळंतिणीला एक फॉर्म देतात, तुमचं मन कसं आहे ते तपासायला. मी सगळी उत्तरं चांगली चांगली लिहिली. खोटं लिहिताना मला काही वाटलं नाही, परीक्षेत बरोबर उत्तर लिहावं तसं लिहिलं. आईनं विचारलं की म्हणायचे, सगळं ओके. ती म्हणायची, इकडेही सगळं बरं. मग तिनं फोन फिरवून दाखवलं की गच्ची दिसायची.

सप्टेंबरात इथली नर्स फोनवर होती. तिनं फॉर्म बाजूला ठेवून तेच प्रश्न सावकाश, तोंडी विचारले. झोप लागते का? रडू येतं का? काही बिनसलं की स्वतःला दोष देता का? तिसऱ्या प्रश्नाला मी रडले आणि खरं सांगितलं. मग माझ्यावर उपचार सुरू झाले. आईला हे कळवलं नाही. तिला कशाला काळजी, ती आपली कामात आहे.

आता माझी चूक सांगते.

माझ्या दुपारी, मुलगी झोपली की मी फोन लावायचे, तेव्हा नागपूरला सकाळ असायची. ऑक्टोबरात आई गच्चीवर होती. नोव्हेंबरात होती. डिसेंबरात होती. दर वेळी मागे कुरडयांचं कापड पसरलेलं आणि त्यावर साडी. मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. दिसणार कसं? डिसेंबरात मेलबर्नला ऊन भाजतं. पडदे ओढलेले असतात, पंखा गरगरत असतो. अशा दिवसांत आई वाळवण घालते हे माझ्या अंगानं मान्य करून टाकलं. लहानपणापासून जे महिने मी न शिकता शिकले होते, ते सहा वर्षांत उलटे होऊन बसले होते. आईच्या अंगात स्वेटर होता. तो मी रोज पाहत होते आणि मला तो एकदाही दिसला नाही.

जानेवारीत नंदाकाकूंचा फोन आला. त्या मला कधी फोन करत नाहीत.

"सोनल, तुह्या आईले काय झालं वं?"

"काय झालं?"

"काय झालं म्हंजे? पुसाच्या महिन्यात कोणी कुरडया घालते का? ऊन तं धड दिसत नाही इकडं. दिवाळीपासून ही तिसरी खेप. परवाच्यायले बुरशी आली, तं त्याच धुऊन पुन्हा वाळत टाकून राहिली. मी कुंपणावरून म्हटलं, काहून वं इतक्या? तं म्हणते, सोनलसाठी."

बाहेर अंगणातलं गवत उन्हानं पिवळं पडलं होतं. त्याच्याकडे बघताना मला आईच्या अंगातला स्वेटर आठवला. मला स्वतःची लाज वाटली. ती अजूनही वाटते.

दुसऱ्या दिवशी मी फोन लावला तेव्हा आई गच्चीवरच होती. मी म्हटलं, आई, खाली बस, मला तीन प्रश्न विचारायचेत. नर्सनं मला विचारलेलेच प्रश्न मी तिला मराठीत विचारले.

"झोप लागते का?"

"या वयात कोणाले लागते?"

"रडू येतं का?"

"चीक घाटताना धूर लागते डोळ्यात." तिच्या गॅसला धूर कुठून येणार, पण मी पुढे गेले.

"स्वतःला दोष देतेस का?"

 फोन तिच्या मांडीवर आडवा झाला असावा, कारण मला फक्त आभाळ दिसत होतं, नागपूरचं हिवाळ्यातलं पांढरट आभाळ. मग तिचा आवाज आला. "हात थांबले का ते सुरू होते. पोरगी तिकडं एकटी बाळंत झाली, एकटी बाळंत झाली. सारखं एकच. म्हणून मी हात थांबू देत नाही."

तेव्हा मी तिला माझं सांगितलं. कपाट, फॉर्म, गोळ्या, सगळं. तिला अजून त्रास होईल असं वाटत होतं. तिनं फोन उचलून तोंडासमोर धरला आणि म्हणाली, "तं तू बी?"

आईला डॉक्टरकडे न्यायला हवं हे बाबांना पटवायला आठवडा लागला. "तिले काय झालं? दिवसभर काम तं करून राहिली," हे त्यांचं म्हणणं. मी त्यांना दोष देत नाही. वर्षभर माझंही तेच म्हणणं होतं. शेवटी नंदाकाकूच तिला स्कूटरवर रामदासपेठेत एका मनाच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. बाबांनी नातेवाइकांना बीपी असं सांगितलं. डॉक्टर बाईंनी गोळ्या दिल्या आणि शिवाय रोज अर्धा तास काहीही न करता बसायला सांगितलं. आईला गोळ्यांचं काही वाटलं नाही. त्या अर्ध्या तासाला मात्र ती घाबरली. पहिले दिवस ती पाच मिनिटांत उठायची आणि डबे पुसायला लागायची. बाबा खुर्ची घेऊन समोर बसायला लागले, घड्याळ बघत. "अजून अकरा मिनिटं," असं सांगायचे. चाळीस वर्षांच्या संसारात ते दोघं असे समोरासमोर प्रथमच बसले असतील.

त्या एप्रिलमध्ये नागपूरवर काय आलं ते तिथे असलेल्यांना सांगायची गरज नाही, आणि नसलेल्यांना सांगून कळणार नाही. नंदाकाकूंचे यजमान गेले. कोणी कोणाच्या घरी जात नव्हतं. आई रोज सकाळी कुंपणाला लागून खुर्ची टाकायची, पलीकडे नंदाकाकू बसायच्या. दोघींच्या तोंडाला मास्क. बाबा सांगायचे, बोलत काही नाहीत, नुसत्या बसून राहतात. ज्या बाईला अर्धा तास जड जात होता ती दोन दोन तास बसायला लागली. वाळवणाचा महिना होता आणि दोघींच्याही गच्च्या मोकळ्या होत्या.

सीमा उघडल्यावर मी मुलीला घेऊन गेले ते पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्येच, मुद्दाम. आई दारात उभी होती. हात कोरडे होते. तिनं नातीला उचललं आणि किती तरी वेळ खाली ठेवलंच नाही. जिन्याखाली पत्र्याचे पाच डबे होते, त्या बंदच्या वर्षातल्या कुरडयांनी भरलेले. बुरशीच्या तिनं मागेच फेकल्या होत्या. चांगल्या आम्ही दोघींनी पिशव्यांत भरून ले-आउटमध्ये घरोघर दिल्या. भोवतीच्या गच्च्यांवर पुन्हा साड्या पसरल्या होत्या, पुन्हा पाळ्या लागल्या होत्या. आई दुसऱ्यांच्या पाळीला पातेलं धरायला जायची, बोलायची, परत यायची. आमच्या गच्चीवर काही नव्हतं.

"यंदा नाही घालत," ती म्हणाली. "पुढच्या साली पाहू." परत मेलबर्नला उतरल्यावर मी पहिल्यांदाच त्या कार्डावर, खाण्याचं काही नाही, असं लिहिलं. अधिकाऱ्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आता मुलगी बालवाडीत जाते. माझी दुपार मोकळी असते. मी स्वयंपाकघरातल्या कपाटाला पाठ लावून जमिनीवर बसते आणि नागपूरला फोन लावते. घर कोणतं, हे की ते, असा प्रश्न मला बरीच वर्षं छळायचा. आजकाल छळत नाही. जिथे मी रिकामी बसलेली कोणाला चालते, ते घर, असं मी ठरवून टाकलंय. आधी मी स्वेटर आहे का बघते, मग मागची गच्ची बघते आणि मग विचारते,

"काय करून राहिली वं, आई?"

"काही नाही. बसून राहिली. अन् तू?"

"मी बी."