दादाच्या मानेवरचा कूलर

सख्ख्या भावाच्या मानेवरचं डोकं काढून तिथे कूलर बसवायचा आणि तो फोटो मुलीकडच्यांना पाठवायचा, अशा बहिणीला तुम्ही काय शिक्षा द्याल?

विचार करून ठेवा. ती बहीण मी. आणि मला पश्चात्ताप झाला तो कूलरचा नाहीच!

आधी माझं घर सांगते. आम्ही दारव्ह्याचे. बाबांनी आयुष्यभर पत्रकं लिहिली. व्यसनाविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, अंधश्रद्धेविरुद्ध, आणि एकदा तर आमच्याच वस्तीतल्या लाउडस्पीकरविरुद्ध (ते लाउडस्पीकरवरूनच वाचून दाखवावं लागलं). इतर मुलं अंगाई ऐकून झोपायची. मला बाबा 'बंधूंनो, जागे व्हा!' वाचून झोपवायचे. परिणाम व्हायचा तोच झाला. दहाव्या वर्षी मी आईच्या कारल्याच्या भाजीविरुद्ध पत्रक काढलं आणि शेजारच्या चार घरांत वाटलं. आईनं ते वाचलं, चार घड्या घातल्या आणि डगमगणाऱ्या पाटाखाली सरकवलं. भाजी कारल्याचीच झाली.

दादाचं, म्हणजे सुमेधचं, बसस्टँडजवळ मोटर रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरला नवी तार गुंडाळून द्यायचं, दुकान आहे. उन्हाळ्यात कूलर, इतर वेळी पाण्याचे पंप. हात सोन्याचा. पण वय बत्तीस, आणि आतापर्यंत नऊ घरांतून नकार. संवाद नेहमी एकच.

"मुलगा काय करते?"

"दुकान हाय स्वतःचं."

"सरकारी?"

आता मोटर रिवायंडिंगचं सरकारी दुकान कुठून आणायचं!

अशात यवतमाळहून शकुनआत्याचा फोन आला. मुलगी प्रणाली, झरीकडे आरोग्य उपकेंद्रात नर्स. म्हणजे मुलगीच सरकारी! दादानं तिला एकदा उमरखेडच्या लग्नात पाहिलं होतं. तिचं नाव ऐकल्यापासून त्यानं शर्टाला इस्त्री करायला सुरुवात केली. आमच्या घरात इस्त्री फक्त दुरुस्तीला येते, वापरली जात नाही. त्यामुळे प्रकरण गंभीर आहे हे सगळ्यांना कळलं.

"बायोडाट्यावर फोटो चांगला पायजे," आत्या म्हणाली. "आपली पोट्टी फोटोचं काम करते ना? तिले म्हना, पोराले दोन हात गोरा कर. आनं थे टकलावर जरासे केस लाव."

मी उसळले. "आत्या, मी असत्याला हात लावणार नाही! रंग गोरा करणं म्हणजे काळ्या रंगाचा अपमान! टक्कल लपवणं म्हणजे..."

"म्हनजे लगन जमनं," आई मध्येच म्हणाली.

"पोरगी बरोबर बोलून राह्यली," बाबा म्हणाले.

"बोला! तुम्ही दोघं पत्रकं काढा आनं पोराले बिनलग्नाचा ठेवा!" आई कडाडली.

इथे माझ्या 'फोटोच्या कामा'बद्दल सांगायला हवं. मी फोनवर खऱ्या फोटोंचे तुकडे जोडून स्वप्नात दिसावीत तशी चित्रं करते. याला अतिवास्तववाद म्हणतात. आमच्या गल्लीत याला रिकामपण म्हणतात. मी दारव्ह्याचं बसस्टँड विहिरीच्या तळाशी नेऊन ठेवलं आहे. ढगांवर शेळ्या चारल्या आहेत. आईच्या कोपराला नळ बसवला होता, तेव्हा तिनं फोन लांब धरून बघितलं आणि विचारलं, "पानी तरी येते का ह्याले?"

तर संतापाच्या भरात मी लग्नाच्या बाजारावर चित्र करायला घेतलं. दादाला बाबांचा कोट घालून खुर्चीत बसवलं, फोटो काढला, मग फोनवर डोकं अलगद कापलं. तिथे दुकानातला जुना कूलर बसवला. जाळीतून बाहेर आलेलं गवत म्हणजे केस. खालच्या नळीतून गळणारं पाणी म्हणजे अश्रू. कॉलरवर कूलरची सावली नीट पडावी म्हणून मी तीन दिवस घालवले. (परीक्षेला एवढे दिवस दिले असते तर आज घरात दोन सरकारी माणसं झाली असती.) वर लिहिलं: 'वर विकणे आहे'.

मी धन्य झाले. तेवढ्यात दादा माझ्याजवळ येऊन उभा राहिला. हातातला पेचकस उगाच फिरवत होता.

"छोटे, एक सांगू? हसू नको."

"बोल ना."

"थे आत्या म्हने ना... केसाचं. जास्त नाही. थोडेसेच. तिनं फोटो पाह्यल्या पाह्यल्या नाही म्हनू नये, बस."

दादानं आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. माझं तत्त्व साधारण चार सेकंद टिकलं. मी कोटातला मूळ फोटो घेतला आणि कपाळापासून मागे सरकत गेलेले केस परत आणले. अगदी बाविसाव्या वर्षी होते तेवढेच. म्हणजे हे असत्य नव्हे, इतिहास! अशी मी स्वतःची समजूत घातली. बाबांना मात्र सांगितलं नाही. इतिहास प्रत्येकाला सांगायचा नसतो.

मग तो फोटो आत्याला पाठवला. फोनवर दोन्ही शेजारी होते. तोच कोट, तीच खुर्ची, तेच मांडीवर ठेवलेले हात. माझं बोट एकावर पडलं आणि निवडले गेले दोन. मी न बघता बाण दाबला. दोन्ही गेले.

कळलं तेव्हा आत्याला फोन लावला.

"आत्या, ते फोटो उघडू नको!"

"नाहीच उघडले. पाठोले तिकडं. दोन्ही."

"न बघता?"

"कायले पाहू? आपलाच पोरगा हाय!"

आमच्या आत्याची ही रीत आहे. ती फोटो उघडत नाही, पुढे ढकलते. मी माझ्या बाजूनं 'सगळ्यांसाठी डिलीट' केलं. पण झरीला पोचलेलं दारव्ह्यातून कसं डिलीट होणार? शिवाय फोटोंखाली, आत्यानंच सांगितलं, तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: 'मुलगा निर्व्यसनी असून थंड स्वभावाचा आहे.'

घरात शोककळा पसरली. आई म्हणाली, "नऊ घरांनी पोराले पाहून नाही म्हनलं. ह्या घरानं न पाहता म्हनायची सोय केली माह्या लेकीनं!" आत्यानं फोनवर तोडगा काढला, "फोनात व्हायरस घुसला म्हना." बाबा उठले, कागद घेतला आणि 'जाहीर खुलासा' असा मथळा लिहून त्याखाली रेघ मारली. पुढे तासभर त्यांना काही सुचलं नाही. खुलासा करायचा तरी काय? 'आमच्या मुलास डोके आहे, याची संबंधितांनी नोंद घ्यावी'?

दादा दुकानात जाऊन बसला. मी डबा घेऊन गेले तर तो एकाच मोटरची तार गुंडाळत होता, सोडत होता, परत गुंडाळत होता. इस्त्री केलेला शर्ट खुंटीला लटकत होता. तो माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी प्रणालीच्या वडिलांचा फोन आला. "फोटो भेटले. रविवारी येऊन राह्यलो, घर आनं दुकान पाहायले." आवाजावरून काही कळेना.

रविवारी ते आले. बापलेक आणि सोबत आत्या. जयभीम झाला, पाणी झालं, पावसापाण्याचं बोलणं झालं. मग वडिलांनी खिशातून फोन काढला, चष्मा लावला आणि दोन्ही फोटो उघडून फोन टेबलावर ठेवला.

"तुम्हाले मुलं दोन हायेत का?"

"नाही, एकच," बाबा म्हणाले.

"मंग ह्याच्यातला कोनता?"

आत्यानं आयुष्यात पहिल्यांदा तो फोटो उघडा पाहिला. "आवो माय!" म्हणून तिनं पदर तोंडाला लावला.

मी उठून उभी राहिले. कबुली द्यायची तर पूर्ण द्यायची! "काका, दोष माझा आहे. हे अतिवास्तववादी चित्र आहे. माणसाला वस्तू समजणाऱ्या विवाहबाजारावर हे भाष्य..."

"हो का," ते म्हणाले. "नाही, मी म्हनलं कूलर चांगला दिसते. चालू हाय का?"

"चालू हाय," दादा कोपऱ्यातून म्हणाला. तेवढंच त्याला बोलता आलं.

मग प्रणाली बोलली. "कूलरवाला फोटो मले समजला. हे कूलर दुरुस्त करतात, आनं लग्नात मानसाचं डोकं कोनी पाहत नाही, नोकरी पाहते. खरं हाय. मले हा दुसरा फोटो खोटा वाटते."

तीन दिवस राबून केलेला कूलर खरा, आणि अर्ध्या तासात लावलेले केस खोटे!

"काहून वं?" तिच्या वडिलांनी विचारलं.

"त्या उमरखेडच्या लग्नात मी ह्यांच्या मागच्याच खुर्चीवर होती, बाबा. तीन भाषनं झाली. तीनही भाषनं मी ह्यांचं टक्कल पाहत ऐकली."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्यात बाबाही होते. अन्यायाविरुद्ध भर चौकात माईक ओढून घेणारी मी, भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले.

"मीच सांगतलं तिले," दादा पुढे येऊन म्हणाला. "तिचा दोष नाही."

"काहून सांगतलं?"

"तुम्ही नाही म्हनसान, म्हून."

प्रणालीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. कपाळापासून सुरू करून बराच वेळ पाहिलं, कारण कपाळ बरंच लांब होतं. मग ती हसली. "डोक्याच्या जागी काहीबी लावा," ती म्हणाली, "पन डोक्यावर काही लावू नका."

लग्न जमलं! पत्रिकेवर दादाचा जसाच्या तसा फोटो आहे, टक्कल चकाकतंय. तो मी काढलेला नाही. मला फोनच दिला नाही कुणी. त्या रविवारी रात्री जेवताना मी बाबांना म्हटलं, ते केस म्हणजे असत्य नव्हे, इतिहास. त्यांनी एवढंच विचारलं, "इतिहास कधीपासून लिहायला लागली?" आणि भाताचं ताट पुढे सरकवलं.

म्हणून तुम्हाला एक कळकळीची विनंती. घरात स्थळाचा फोटो आला तर पुढे ढकलण्याआधी उघडून बघा. मुलाच्या मानेवर कूलर, नांगर, नाही तर गाईचं वासरू दिसलं तर घाबरू नका, खुशाल पाठवा. पण सगळं ठाकठीक आणि देखणं दिसलं, तर थांबा आणि मूळ माणसाला समोर बोलावून घ्या. आणि तो फोटो करणारी तत्त्वाची पक्की आहे असं कुणी सांगितलं, तर त्या मूळ माणसाला दोनदा बोलवा.